कपाशीची जेल पावडर जखमेवर टाकू नका : एका फॉरवर्डचा पंचनामा

गेले काही आठवडे एक मेसेज आमच्या भागातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. शेतकरी ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, सोयरिकीचा ग्रुप, एकही सुटलेला नाही. तुमच्याकडे आला नसेल तर मजकूर साधारण असा:

"शेतकरी बंधूंनो, लूट थांबवा! दवाखान्यात जखमेवर लावतात ती हायड्रोजेलची पट्टी आणि आपण कपाशीच्या बुडाशी टाकतो ती जेल पावडर एकच वस्तू आहे. मेडिकलवाले तीच तीनशे रुपयांना विकतात. जखम आधी उघडी ठेवून कडक वाळू द्या. मग त्यावर चिमूटभर जेल पावडर भुरभुरा, पू आणि विष ओढून घेते. शुगरवाल्यांच्या पायाची जखम सात दिवसांत भरते, बोट कापायची गरज नाही. पावडर नसेल तर बाळाचं डायपर फाडून आतली घ्या. कापलं असेल तर कापूस ठेवून वर झटपट गोंदाची ट्यूब पिळा, टाके लागत नाहीत. दवाखान्याच्या पट्टीतली चांदी रक्तात जाऊन किडनी खराब करते. संत्र्याला चमक यायला लावतात तोच प्लास्टिकचा लेप लघवीच्या नळीला लावतात, तो अंगात मुरतो. भाजल्यावर टूथपेस्ट किंवा मध. डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत. अकरा जणांना पाठवा."

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. म्हणजे मेसेजमधला लुटारू तो मीच. यात माझा धंदा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "तू तर असंच म्हणशील" असं लिहायचे कष्ट कुणी घेऊ नयेत.

असे मेसेज रोज येतात आणि मी रोज सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण तो आमच्या मोठ्या काकांच्या पायापर्यंत पोचला. काकांना शुगर, बरीच जुनी. वखरावर असताना बाभळीचा काटा चपलेतून तळव्यात गेला. दुखलं नाही म्हणून त्यांनी पाहिलंही नाही. दुकानावर आले ते पायाला धोतराची चिंधी बांधून. चिंधी सोडली तर आत भिजलेल्या साबुदाण्यासारखा गिळगिळीत थर. मला आधी पू वाटला. ती लागवडीतून उरलेली जेल पावडर होती. त्यांच्या धाकट्या पोरानं मेसेज वाचून टाकलेली, आणि आता फुगून काट्याच्या भोकात गच्च बसलेली. वर काका माझ्यावरच चढले, "काहून रे, तुह्या दुकानात तीनशेले भेटते, अन् माह्या कोठ्यात अर्धी थैली पडून हाय. मंग तुह्यापाशी कायले येऊ?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर थोडं खोलात जावं लागेल.

मेसेजचं पहिलंच वाक्य, "एकच वस्तू आहे", हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त त्रासदायक. शेतातली जेल आणि दवाखान्यातली जेल एकाच घराण्यातल्या, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं. दोन्ही पॉलिमर, म्हणजे लांबच लांब साखळ्यांचे रेणू. या साखळ्या जागोजागी एकमेकींना गाठी मारून बांधलेल्या असतात. त्या जाळ्यात पाणी शिरतं, जाळं फुगतं, पण गाठी असल्यामुळे विरघळून जात नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे पुसानं, कोरडवाहू शेतीसाठी काढलेलं पुसा हायड्रोजेल सेल्युलोजच्या आधारावर बनतं. दवाखान्यात ट्यूबमधून येणाऱ्या जखमेच्या जेलमध्येही बऱ्याचदा सेल्युलोजचंच एक रूप असतं, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. इथवर मेसेज लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी मार्क.

पण शेतातली पूड कोरडी असते आणि तिचं काम पाणी ओढणं. पुसा हायड्रोजेल आपल्या वजनाच्या साडेतीनशे पट पाणी धरतं असं सांगितलं जातं, म्हणून तर एकरी किलो-दोन किलोत भागतं. पाऊस आला की धरून ठेवायचं, ओल उतरली की मुळांना द्यायचं. आपल्याकडे पावसानं पंधरा-वीस दिवस दडी मारली की तिचा उपयोग काय ते वेगळं सांगायला नको. जखमेच्या पट्टीतली जेल मात्र आधीच पाण्यानं फुगवलेली असते. तिच्या वजनातला साधारण सत्तर ते नव्वद टक्के भाग पाणीच. ती कोरड्या पडलेल्या जखमेला ओल पुरवते, वरचं मेलेलं कातडं नरम करते, म्हणजे ते आपसूक सुटतं. म्हणजे एक पाणी ओढणारी, दुसरी पाणी देणारी. जखमेवर दोघींचं काम एकमेकींच्या बरोबर उलट होतं. कोरडी पूड उघड्या मांसावर टाकली की ती नव्यानं वाढू पाहणाऱ्या पेशींच्याच तोंडचं पाणी काढून घेते.

"पू आणि विष ओढून घेते" या वाक्याची तर मला खरंच चीड आहे. ज्याला पटत नसेल त्यानं घरी करून बघावं, फार खर्च नाही. दोन ग्लास पाणी घ्या. एकात काही घालू नका, दुसऱ्यात अर्ध्या चमच्याला थोडं कमी मीठ विरघळवा. दोन्हीत सारखीच चिमूटभर जेल पावडर टाका आणि तासाभरानं पाहा. साध्या पाण्यात ती फुगून वर चढते. मिठाच्या ग्लासात तळाशी थोडीशीच फुगून बसते. कारण असं की या साखळ्यांवर ऋण भार असतो आणि त्यांच्यासोबत आत सोडियमसारखे कण अडकलेले असतात. आत खारट, बाहेर गोडं, म्हणून पाणी आत धावतं. बाहेरचं पाणीच खारट असलं की ओढ कमी पडते. डायपरमधल्या सोडियम पॉलिअॅक्रिलेटचंही तसंच. नुसतं पाणी ते शेकडो पट धरतं, पण शरीरातल्या पाण्याइतक्या खारट द्रावात, म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या, तोच आकडा तीस ते साठ पटींच्या आसपास येतो. थैलीवरचा साडेतीनशे पटींचा आकडा जखमेत चालतच नाही.

आता "विष". जेलच्या जाळीची भोकं नॅनोमीटरमध्ये मोजावी लागतात. जखमेत पू करणारा जंतू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे हजार नॅनोमीटरचा. तो त्या भोकातून जाणार कसा? पाणी आत जातं आणि जंतू बाहेर राहतात, जखमेवरच, आता आणखी दाटीवाटीनं. वर फुगलेल्या दाण्यांचं झाकण. आणि हे सगळं ज्या पावडरीतून आलं ती थैली कुठे होती? कोठ्यात, युरियाच्या पोत्याला टेकून, तोंड उघडं, उंदरांची ये-जा. शेणामातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात हे चौथीच्या पोराला माहीत असतं. खतासोबत टाकायची वस्तू कुणी निर्जंतुक करून विकत नाही, तशी करायची गरजही नसते. शिवाय कृषी केंद्रात "जेल" म्हणून जे मिळतं ते सगळं पुसाचंच असतं असं नाही. काही मालात अॅक्रिलामाइडची साखळी असते. साखळी होऊन गेलेलं अॅक्रिलामाइड फारसं त्रासदायक नाही, पण साखळीत न गुंफता सुटं राहिलेलं मज्जातंतूंना घातक. मातीसाठी ते किती चालेल याचा हिशेब वेगळा, उघड्या मांसासाठी वेगळा.

जखमेत सुटी पूड टाकण्याचा धडा अमेरिकन सैन्यानंही घेतलेला आहे. रक्त थांबवायला त्यांनी झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे वापरले. दाणे रक्तातलं पाणी शोषायचे, रक्त थांबायचंही, पण शोषताना इतके तापायचे की भाजल्याच्या जखमा झाल्या. पुढे सुटे दाणे गेले आणि त्याऐवजी केओलिन नावाची माती बसवलेलं गॉज आलं, जे पकडून बाहेर काढता येतं. सुटी पूड टाकणं सोपं असतं, पण जखमेच्या कोपऱ्यातून ती परत काढणं ज्याला करावं लागतं त्याला विचारा. काकांच्या पायातून ती काढायला ग्रामीण रुग्णालयातल्या ड्रेसरभाऊंना सलाईनच्या पिचकाऱ्या मारमारून अर्धा तास लागला.

आता या मेसेजमधली सगळ्यात गंमतशीर जागा. आधी म्हणे जखम "कडक वाळू द्या", मग त्यावर ओल धरणारी जेल टाका. अरे, ठरवा ना बाप्पा एकदा! वाळवायची की ओली ठेवायची?

"जखमेला हवा लागू दे, खपली धरू दे" हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माझी आजीही तेच सांगायची, आणि साध्या खरचटण्याला तेवढं पुरतं. पण खपली म्हणजे जखम भरण्याचा वेग नव्हे, हे १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या ब्रिटिश संशोधकानं दाखवून दिलं. त्यानं तरुण डुकरांच्या पाठीवर सारख्या मापाच्या वरवरच्या जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर साधी पॉलिथिनची पातळ फिल्म चिकटवली. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवं कातडं जवळजवळ दुप्पट वेगानं आलं. कारण त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. नव्या कातडीच्या पेशी कडेकडेनं सरकत मध्याकडे येतात, आणि त्यांना सरकायला ओल लागते. वर वाळून कडक झालं असलं की त्यांना त्या वाळलेल्या थराखालून, जिथे ओल आहे तिथून, वाट खोदत यावं लागतं. त्यात वेळ जातो. 'नेचर' या नियतकालिकात ते छापून आलं आणि आज दवाखान्यात फिल्म, फोम, जेल, असे जेवढे ओल राखणारे प्रकार दिसतात ते बहुतेक त्या कामाच्या पायावर उभे आहेत. डुकरंच का, असं कुणी विचारेल. तर डुकराचं कातडं आपल्या कातड्याशी बरंच जुळतं म्हणून. लगेच पुढच्या वर्षी माणसांवरही तसंच दिसून आलं.

यात गंमत अशी की विंटरच्या प्रयोगात जेल नव्हतीच, साधं पॉलिथिन होतं. जादू त्या वस्तूत नसते. ओल राखणं, घाण बाहेर ठेवणं, आणि पट्टी काढताना नवं कातडं सोबत उपटून न येणं, एवढं जिला जमलं ती पट्टी चांगली. जेलच्या पट्टीला ते जमतं, शिवाय ती थंड लागते म्हणून भाजलेल्याला आराम पडतो. "सात दिवसांत भरते" असं तिच्या पाकिटावरही लिहिलेलं नसतं.

"वाळू द्या" हे एका ठिकाणी मात्र बरोबर आहे. शुगरवाल्याच्या पायाचं बोट रक्त न पोचल्यामुळे काळं पडून सुकलं असेल, ज्याला ड्राय गँगरीन म्हणतात, तर रक्तपुरवठ्याचं काही ठरेपर्यंत डॉक्टर ते कोरडंच ठेवतात. तिथे जेल लावून ते ओलं करणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. म्हणजे जिथे वाळवायला हवं तिथेच मेसेज ऐकून लोक फुगणारी पावडर टाकणार.

आणि इथे आपण शुगरवाल्यांच्या मुद्द्यावर येतो, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. "बोट कापायची गरज नाही" या चार शब्दांनी जेवढं नुकसान होऊ शकतं तेवढं बाकी अख्ख्या मेसेजनं होत नसेल. शुगरच्या पायाची जखम भरत नाही ती वरून काही लावायचं राहिलं म्हणून नाही. पायाच्या नसा बधीर झालेल्या असतात, म्हणून काटा कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, म्हणून औषध आणि प्राणवायू दोन्ही पोचत नाहीत. रक्तात साखर जास्त, म्हणून जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्त. आणि दुखत नसल्यामुळे माणूस त्याच पायावर दिवसभर उभा, वखरावर, फवारणीला, बाजाराला. या चारपैकी एकाही गोष्टीला जेल हात लावू शकत नाही, ना शेतातली, ना माझ्या दुकानातली. तिथे साखर आटोक्यात आणणं, मेलेलं मांस काढणं, जंतूंचं औषध, आणि त्या पायावरचा भार काढणं, यावर बोट वाचतं.

माझ्या दुकानातल्या जेलबद्दलही खरं सांगतो. शुगरच्या पायाच्या जखमांवर जेलच्या पट्ट्यांचा अभ्यास झालेला आहे आणि कॉक्रेन या संस्थेनं ते अभ्यास एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की साध्या गॉजपेक्षा जेलनं जास्त जखमा भरल्या असं दिसतं, तेही उथळ जखमांत, पण मूळ अभ्यासांत कच्चेपणा असल्यामुळे त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे निर्जंतुक, खास जखमेसाठी बनवलेली जेल वापरूनही तज्ज्ञ "असं दिसतं" एवढंच म्हणतात. आणि आमचा फॉरवर्डवाला युरियाशेजारच्या थैलीतून सात दिवसांची गॅरंटी देतो! खूप पाणी सुटणाऱ्या किंवा पू झालेल्या जखमेवर जेलची पट्टी लावायचीच नसते, भोवतालचं कातडं कुजतं. माझ्याकडे कुणी चिठ्ठीशिवाय पायाच्या जखमेला जेल मागायला आलं तर मी आधी शुगर आहे का विचारतो, आणि असेल तर देत नाही, दवाखान्यात धाडतो. पूर्वेकडे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पेशंटना घोट्याजवळ अशाच हट्टी जखमा होतात. त्यांनाही हेच लागू.

झटपट गोंदाचा मुद्दा. यामागेही एक खरी गोष्ट आहे म्हणून लोक फसतात. हा गोंद म्हणजे सायनोअॅक्रिलेट. अमेरिकेत हॅरी कूव्हर या रसायनतज्ज्ञाच्या हाती १९४२ साली बंदुकीवर नेम धरायच्या पारदर्शक भागासाठी प्लास्टिक शोधताना लागला. पुढे व्हिएतनामच्या युद्धात रक्त थांबवायला त्याचा फवारा वापरला गेला. ऑपरेशन थिएटरमध्येही कातडीसाठी सायनोअॅक्रिलेटचा गोंद असतो, अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये परवानगी मिळाली. पण तो ऑक्टाइल प्रकारचा, लांब शेपटाचा, लवचिक, हळू आणि कमी उष्णता सोडत घट्ट होणारा. तोही जखमेच्या आत घालत नाहीत, दोन्ही कडा जुळवून वरून लेप देतात. पानठेल्यावर मिळणाऱ्या ट्यूबमध्ये इथाइल प्रकार असतो. तो ठिसूळ, आणि अंगात मोडताना फॉर्मल्डिहाइड सोडणारा.

हेही एकवेळ बाजूला ठेवू. "कापूस ठेवून वर ट्यूब पिळा" हे ज्यानं लिहिलं त्यानं ते कधी केलेलं नाही एवढं नक्की. सायनोअॅक्रिलेट कापसावर पडला की धाग्यांमधून झरझर पसरतो, एकदम घट्ट होतो आणि त्यात एवढी उष्णता निघते की धूर येतो, डोळे झोंबतात. सुती कपड्यावर हा गोंद सांडून लहान मुलं भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. आणि हा सल्ला कुठे फिरतोय, तर ज्या घरात सीझनला कापसाच्या गंज्या लागतात तिथे! वेचणीच्या दिवसांत बोंडांची टोकं लागून बायांची बोटं फाटलेलीच असतात. त्यांनी त्यावर सरकीचा फोया ठेवून गोंद पिळला तर बोट चिरलेलं होतं ते वर भाजेल. बाकी त्या बोटांना साबणपाण्यानं धुऊन रात्री व्हॅसलीन आणि स्वच्छ चिंधी पुरते. विंटरचंच तत्त्व, फुकटात.

उरलेलं भराभर.

चांदी. चांदीच्या पट्टीतून सुटणारे कण जंतू मारतात, म्हणून पू झालेल्या जखमेला ती काही दिवस, साधारण दोन आठवडे लावून मग पुन्हा विचार करतात. वर्षानुवर्षं चांदीचं पाणी पिणाऱ्यांचं कातडं निळसर करडं पडल्याची उदाहरणं आहेत, हे खरं. पण शुगरवाल्याची किडनी पट्टीतल्या चांदीनं जाण्याआधी त्याच्या साखरेनं जाते. एक गोष्ट मान्य, जंतूंचा त्रास नसताना उगाच चांदीची महाग पट्टी खपवणारे आमच्या धंद्यात आहेत. आणि भाजल्यावर सरसकट चोपडली जाते ती पांढरी सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीम नव्या पट्ट्यांच्या तुलनेत जखम भरायला उशीरच लावते असं आता दिसून आलंय. मेसेजला चांदीवर टीकाच करायची होती तर ती इथे करता आली असती.

नळीचा लेप "अंगात मुरतो". गाठी मारलेलं जाळं विरघळत नाही तर मुरेल कसं? माणसाच्या शरीरासाठी म्हणून बनवलेली पहिली हायड्रोजेल १९६० सालची, ऑटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम या चेक शास्त्रज्ञांची. विख्टरलेनं १९६१ च्या नाताळात घरी, मुलांच्या खेळण्यातल्या पट्ट्या-स्क्रू आणि सायकलचा डायनॅमो जोडून केलेल्या यंत्रावर तिचे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतले. साठ वर्षांहून जास्त काळ लोक हायड्रोजेल डोळ्यांत घालून फिरत आहेत. लघवीच्या काही नळ्यांना पाणी धरणारा लेप असतो तो घर्षण कमी व्हावं, आतलं नाजूक अस्तर सोलू नये म्हणून. कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला दिवसातून अनेकदा नळी घालावी लागते, त्याला विचारा लेप हवा की नको. संत्र्याचा लेप ही तिसरीच भानगड. धुतलेल्या संत्र्यावर मेण चढवतात ते आतलं पाणी उडून साल सुरकुतू नये म्हणून, आणि ते मेण नळीच्या लेपात नसतं. वरूडचा कोणताही बागायतदार हे सांगेल.

"लूट". पट्टी महाग आहे, हे मी नाकारत नाही. पण जेलची पट्टी म्हणजे फक्त परदेशी कंपन्यांचा खेळ, असा जो सूर आहे तो चुकीचा. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं हे तंत्र इथेच बसवलंय. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घ्यायचं, त्यात अगार आणि कॅरागिनन ही समुद्री शेवाळातून निघणारी द्रव्यं मिसळायची, पाकिटात बंद करायचं आणि गॅमा किरणांखाली ठेवायचं. त्याच किरणांनी साखळ्यांना गाठी पडतात आणि त्याच वेळी पट्टी निर्जंतुकही होते, गाठी पाडायला वेगळं रसायन लागत नाही. पैसे मोजता ते या बंद पाकिटाच्या आतल्या स्वच्छतेचे. कोठ्यातल्या थैलीत नेमकं तेवढंच नसतं.

डायपरचं उत्तर वर येऊन गेलं. एवढंच सांगतो की दवाखान्यात अशी शोषणारी पूड असलेल्या पट्ट्या खरोखरच असतात, फार पाणी सुटणाऱ्या जखमांसाठी, पण पूड कापडाच्या आत शिवलेली असते, मांसाला लागत नाही.

भाजल्यावर टूथपेस्ट नको, शाई नको, तूप नको, बर्फही नको. वाहतं थंड पाणी, वीस मिनिटं, भाजल्यापासून तीन तासांच्या आत कधीही. आपल्याकडे मे महिन्यात छतावरच्या टाकीचं पाणी नळातून उकळल्यासारखं येतं, ते चालणार नाही. विहिरीचं किंवा रांजणातलं घ्या आणि तांब्या-तांब्यानं ओतत राहा. मधाबद्दल अभ्यास चांगले आहेत, पण ते गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या मधावरचे, पोळं पिळून बाटलीत भरलेल्यावरचे नव्हेत.

आता ज्यांनी आधीच पावडर टाकून घेतली आहे त्यांच्यासाठी. खरडून काढू नका, कापसानं पुसू नका, दाणे आणखी आत जातात. मेडिकलमधून सलाईनची सीलबंद बाटली आणा आणि जखमेवर भरपूर धार सोडा. मघाच्या मिठाच्या ग्लासातली गोष्ट इथे उपयोगी पडते, कारण साध्या पाण्यात दाणा आणखी फुगतो, खाऱ्या पाण्यात तसा फुगत नाही. सलाईन नसेल तर उकळून गार केलेलं पाणी. डोळ्यात गेली असेल तर स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुऊन त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. धुतल्यावर स्वच्छ कापड सैलसर बांधा, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा आणि दवाखान्यात जाताना पावडरीची थैली सोबत न्या, म्हणजे आत काय आहे ते डॉक्टरला वाचता येईल. शुगर असेल तर यातलं काहीही घरी करत बसू नका, तसेच निघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्रेसिंगला पैसे लागत नाहीत.